नीलाक्षीचा गळा, मायाचा गळा

लालासाहेबानं मायाचा गळा धरला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. गॅसवर हुलग्याचं माडगं उकळत होतं आणि लेक सृष्टी शाळेत गेली होती. कारण एवढंच, की आटपाडीच्या औषधाच्या दुकानातून त्यानं घरी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तो उचलला गेला नाही. डाळिंबावर फवारायच्या औषधाची रिकामी बाटली घरी राहिली होती, तिच्यावरचं नाव त्याला हवं होतं. दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्या देखत आपली बायको फोन उचलत नाही, हे त्याला लागलं. मोटारसायकलवरून तो बारा किलोमीटर आला. चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या आणि आत आला.

"काय करत हुतीस?"

"ऐकू आलं न्हाई," माया म्हणाली.

पुढं त्यानं काही विचारलं नाही. एका हातानं तिला भांड्यांच्या मांडणीशेजारी भिंतीला टेकवलं आणि अंगठा तिच्या गळ्याच्या घाटीवर ठेवून दाबला. मायानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांपुढं आधी पिवळं आलं, मग कडेनं काळं आत सरकत आलं. उजव्या कानात विहिरीवरच्या मोटरचा असतो तसा आवाज सुरू झाला. डावा कान तर कधीचाच गेला होता. पाय तिचे राहिले नाहीत. मांड्यांवरून काहीतरी कोमट खाली गेलं.

मग त्यानं सोडलं. माडगं उतू जात होतं, म्हणून त्यानं जाताजाता गॅस बंद केला, मोरीतली बाटली उचलली आणि परत आटपाडीला गेला.

सासू हरणाबाई बाहेर शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आत आली, फरशी पुसली, माया भिंतीला बसली होती तिथं तांब्या ठेवला.

"पदर घे गळ्याभवती," ती म्हणाली. "पोरगी यील आता."

संध्याकाळी शेजारीण मिरच्या मागायला आली, तेव्हा हरणाबाईनं तिला दारातूनच सांगितलं, "घसा बसलाय तिचा. गार पाणी प्याली." मायाला चार दिवस बोलता आलं नाही. भाकरी दुधात कुस्करूनसुद्धा खाली उतरत नव्हती. स्वतःची थुंकी गिळायचीही तिला धास्ती वाटायची.

माया आटपाडीच्या माळावरच्या मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी दिवाळीनंतर बापाच्या मेंढरांमागं घाट उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. धाकटा भाऊ जोतीराम शाळेत जायला लागला, तेव्हा तिलाही मावशीकडं ठेवलं. नववीपर्यंत शिकली. एकोणिसाव्या वर्षी लालासाहेबाशी लग्न झालं आणि ती थेट तमिळनाडूत सेलमला गेली. विटा-आटपाडीकडच्या पुष्कळ माणसांसारखं लालासाहेबाच्या मामाचं तिथं गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातला मळ काढायचा आणि शुद्ध तुकडा परत द्यायचा. दुकान खाली, यांची खोली वर. तेजाबाचा वास जिन्यानं वर यायचा आणि कपड्यांत बसायचा. बाहेर पडलं की भाषा कळायची नाही. तिसऱ्या महिन्यात लालासाहेबानं पहिली थोबाडीत मारली, ती डाव्या कानावर बसली. कान महिनाभर वाहत होता. त्यानंतर त्या कानानं ऐकू आलं नाही.

लालासाहेब लोकांत शांत माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत. सेलमच्या गल्लीत त्याला सगळे मान द्यायचे. मायाला हे कुणाला सांगावं तर सांगायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते मानलं नसतं.

त्या खोलीतल्या शेवटच्या दीडेक वर्षात तिला नीलाक्षी भेटली. मोबाईलवर गोष्टींचं एक ॲप होतं, मराठीतून. त्यात 'नऊ पायऱ्यांची नीलाक्षी' नावाची कादंबरी आठवड्याला दोन भाग अशी यायची. लेखिकेचं नाव 'चांदणवेल' एवढंच दिलेलं. पहिल्या भागात नीलाक्षीची सावत्र आई आणि बहीण तिला विष पाजतात, तिचं तेज काढून घेतात आणि कड्यावरून खाली फेकतात. सगळं राज्य तिला टाकाऊ म्हणत असतं. दरीच्या तळाशी ती डोळे उघडते. तिची सगळी हाडं मोडलेली असतात. मोडलेल्या हाडांनी ती बसते आणि एकेक श्वास मोजायला लागते. तिथून साधनेच्या नऊ पायऱ्या. तिसऱ्या पायरीला तिच्या अंगातून काळा, चिकट मळ बाहेर पडतो आणि कातडी उजळते. पाचव्या पायरीला ती दगड फोडते. जे जे तिला हसले होते, ते एकेक करून तिच्यासमोर येतात आणि धुळीला मिळतात.

मायानं तो पहिला भाग जिन्यावर बसून वाचला आणि लगेच परत वाचला. खाली दुकानात मुशीत सोनं वितळत होतं, निळ्या जाळाचा सूं सूं आवाज येत होता. काळा मळ बाहेर पडतो म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कादंबरीत एक तेजकुंभ होता. तो नीलाक्षीच्या नाभीत असायचा. तिला कुणी मारलं, की त्या माराचं तेज होऊन कुंभात थेंब पडायचा. कुंभ भरला की वरची पायरी. मायानं ही गोष्ट खरी मानली, असं म्हणता येणार नाही. ती काही वेडी नव्हती. पण लालासाहेबाचा हात उठला की ती श्वास मोजायची आणि मनात म्हणायची, एक थेंब. बरगडीला चीर गेली तेव्हा दोन महिने वाकता येत नव्हतं, तेव्हाही ती म्हणाली, पुष्कळ थेंब. त्यानं एक झालं, की ती टिकली. आणि दुसरं असं झालं, की ती तिथंच राहिली. पहिल्यातून दुसरं निघालं, हे तिला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी मामाच्या पोरांनी दुकान आपल्याकडं घेतलं आणि लालासाहेब बायको-मुलीला घेऊन गावी आला. वडिलांच्या माघारी पडून असलेल्या माळावर त्यानं डाळिंब लावलं. गावी आल्यावर मार कमी होईल, असं मायाला वाटलं होतं, कारण इथं सासू होती, भावकी होती. मार कमी झाला नाही. फक्त तो भावकीच्या नजरेआड व्हायला लागला. नीलाक्षी तोवर सातव्या पायरीवर पोचली होती.

कादंबरीतले दोष मायाला दिसत नव्हते असं नाही. दर दहा भागांनी नीलाक्षी नव्या राज्यात जायची, तिथं पुन्हा कुणीतरी तिला "मुंगी" म्हणायचा, जमलेले लोक हसायचे, मग ती त्याला मारायची. मग त्याचा काका यायचा, काकाला मारलं की काकाचा गुरू यायचा. माया सृष्टीला म्हणायची, "आपल्या भावकीगत हाय बघ. एक संपला की दुसरा बांधावर हुबा." शिवाय त्या गोष्टीत जी बाई यायची ती जळकी, विषारी नाहीतर लुच्ची असायची. साडेचारशे भागांत नीलाक्षीला एक मैत्रीण मिळाली नव्हती. तरी माया वाचायची. भाग संपता संपता नीलाक्षी मान वर करायची आणि समोरच्याचा चेहरा पांढरा पडायचा. तेवढ्यासाठी ती पुढच्या भागाची वाट बघायची.

आणि हिमराज होता. बर्फगडाचा स्वामी, हजार वर्षं कुणावर प्रेम न केलेला. बायका त्याच्यासाठी वेड्या होत्या. प्रत्येक भागाखाली त्याच्या नावानं लाल बदामांची रांग लागायची. मायालाही तो आवडायचा. तो नीलाक्षीशी कठोर वागायचा, पण दुसऱ्या कुणी तिच्या केसाला धक्का लावला तर अख्खं गाव गोठवून टाकायचा.

गळा दाबल्याच्या तिसऱ्या दिवशी चारशे बासष्टावा भाग आला. त्यात हिमराजला नीलाक्षीवर संशय येतो. तो तिला खांबाला टेकवतो आणि एका हातानं तिचा गळा धरतो. लिहिलं होतं, 'त्याच्या थंड बोटांच्या स्पर्शानं तिच्या सर्वांगावर शहारा उठला. श्वास अडला, पण तो भीतीनं की आणखी कशानं, हे तिचं तिलाच कळेना.' खाली नऊशे बदाम.

माया गोठ्याच्या मागं दगडावर बसली होती. गळ्याभोवती पदर होता आणि पदराखाली चार बोटांचे निळे डाग. तिनं तो परिच्छेद पुन्हा वाचला. ॲपवर इतक्या वर्षांत तिनं कधी एक शब्द लिहिला नव्हता. त्या दिवशी लिहिला.

'गळा दाबल्यावर शहारा येत नाही. आधी पिवळं दिसतं मग काळं. कानात मोटर चालते. लघवी होते. तीन दिवस झाले, थुंकी गिळवत नाही. हिमराजने सोडल्यावर ती लगेच बोलली ते खोटं आहे. आवाज येत नाही. माया, आटपाडी तालुका.'

संध्याकाळपर्यंत त्याखाली दोनशे उत्तरं आली. कुणी लिहिलं, काकू ही कादंबरी आहे, बातम्या नाही. कुणी हसरी तोंडं टाकली. एकीनं लिहिलं, तुम्हाला हिमराजसारखा मिळाला नाही म्हणून जळता. पण मध्येमध्ये दुसरीही उत्तरं होती, छोटी छोटी. 'खरं आहे.' 'माझं पण असंच झालं होतं.' 'मला वाटलं फक्त मलाच लघवी झाली.' हे शेवटचं वाचून मायानं फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ शेळ्यांकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी लेखिकेचा निरोप आला. चांदणवेल म्हणजे शिराळ्याची तेवीस वर्षांची अंकिता. बी. फार्म. झाली होती, नोकरी शोधत होती आणि मधल्या वेळात लिहीत होती. तिनं विचारलं, 'ताई, राग मानू नका. मला यातलं काही माहीत नाही. मग खरं काय होतं?'

माया सांगायला लागली. आवाज नव्हता तोवर लिहून, आवाज आल्यावर बोलून. कानाबद्दल सांगितलं, बरगडीबद्दल सांगितलं. मारून झाल्यावर तो कसा नेहमीसारखा चहा मागतो आणि आपण कसा करून देतो, तेही सांगितलं. अंकिता पोरगी गुणाची होती. तिनं पुढचे चार भाग बदलले. नीलाक्षीचा आवाज गेला. हिमराज समोर आला की तिचे हात कापायचे, सातवी पायरी असून कापायचे. मायानं ते भाग दोनदोनदा वाचले. मोडलेल्या हाडांनी बसलेली ती पहिल्या भागातली पोरगी पुन्हा भेटल्यासारखं तिला वाटलं.

वाचणाऱ्यांना ते सोसलं नाही. बदाम नऊशेवरून दीडशेवर आले. आमचा हिमराज परत द्या, म्हणून लोक मागं लागले. पाचव्या भागात अंकितानं हार खाल्ली. हिमराज मुळात दुष्ट नव्हताच, त्याला एका चेटकिणीचा शाप होता आणि शापाच्या भरात त्यानं गळा धरला, असं निघालं. तो गुडघ्यावर बसून रडला आणि नीलाक्षीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मायानं अंकिताला फोन लावला.

"शाप?" ती म्हणाली. "चेटकीण कुठनं काढलीस गं? आमच्या मालकाला कुणाचा शाप हाय, सांग मला. मी उतरवून टाकते."

"ताई, सगळे सोडून चालले होते वाचायचं," अंकिता म्हणाली. "आणि मला वाटलं, तो बदलावा. तुम्हाला नाही वाटत, बदलावा?"

 चौदा वर्षं मायाला तेच वाटत होतं.

तोवर इकडं वेगळंच घडलं. मायानं खाली नाव आणि तालुका लिहिला होता, आणि तिच्या नावापुढच्या चौकटीत सृष्टीचा फोटो होता. गावातल्या कुणा बाईनं तो ओळखला. त्या कमेंटचा फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेला. रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर भाऊसो नावाच्या शेजाऱ्यानं तो लालासाहेबापुढं धरला.

"गड्या, वयनी लय लिवायला लागल्यात की," भाऊसो म्हणाला. "गळा कुणी दाबला रं त्यांचा?"

लालासाहेब हसला, असं भाऊसोनं नंतर सांगितलं. चहा संपवला, कप बाकावर ठेवला आणि निघाला.

माया बागेत छाटणी करत होती. दहा वाजले असतील. सृष्टी मागच्या ओळीत कापलेल्या फांद्या गोळा करत होती. लालासाहेब बांधावरून आला. येताना ठिबकची एक नळी उचलून त्यानं ती दुहेरी केली होती. पहिला फटका मायाच्या पाठीवर बसला, तेव्हा ती वाकलेली होती. दुसरा मानेवर. ती काटेरी झाडात पडली आणि डाळिंबाचे काटे गालात घुसले.

"आटपाडी तालुका व्हय?" तो हळू आवाजात म्हणत होता. प्रत्येक फटक्याला तेच. "आटपाडी तालुका व्हय?"

माया श्वास मोजायला लागली. सवयच ती. चार झाले, पाच झाले. नळीचं तोंड डोळ्याच्या वर लागलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. सहावा श्वास घेताना तिला सृष्टीचा आवाज आला.

"पप्पा, नगा," सृष्टी म्हणत होती. बारा वर्षांची पोर मध्ये येऊन उभी राहिली होती. लालासाहेबानं नळी टाकली, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला बाजूला ओढलं. ओढलं एवढंच म्हणून भागणार नाही. पोरगी जमिनीवर पडली, तरी त्यानं वेणी सोडली नाही. दोन झाडांच्या मधून तो तिला फरपटत नेत होता आणि ती ओरडतही नव्हती.

मायाच्या हातात छाटणीची कात्री होती. ती उठली आणि वेणी धरलेल्या हातावर तिनं ती सगळ्या ताकदीनं मारली.

कादंबरीत नीलाक्षी बोट उचलायची आणि शत्रू राखेसारखा उडून जायचा. इथं कात्रीचं टोक लालासाहेबाच्या पंजात मागच्या बाजूनं शिरलं आणि अडकलं. हाडाला घासल्याचा आवाज आला. तो जनावरासारखा ओरडला. मायाला कात्री काढता येईना. ती ओढत होती आणि त्याचा हात तिच्याबरोबर येत होता. ऊन ऊन रक्त तिच्या मनगटावरून बांगड्यांत शिरलं. तिला तिथंच ओकारी झाली. तिला हलकं वाटलं नाही, ताकद आल्यासारखंही वाटलं नाही. त्याच्या हाताची तिला दया आली. अजूनही तिला त्या दयेची लाज वाटते.

लालासाहेबानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठातून बाहेर आला. ती पडली. तो तिच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि चांगल्या हातानं त्यानं पुन्हा गळा धरला.

हरणाबाई कधी आली ते कुणाला कळलं नाही. तरुणपणी तिनं नवऱ्याबरोबर मेंढरं राखली होती आणि दोन लांडगे काठीनं मारले होते, असं गावात सांगायचे. पासष्टीची बाई. तिनं शेळ्यांमागची काठी दोन्ही हातांनी धरली आणि लेकाच्या खांद्याच्या हाडावर घातली. तो वळला. तिनं दुसरी गुडघ्यावर घातली. तो कोसळला.

"आये," तो म्हणाला. त्याला ते खरं वाटत नव्हतं.

"बास," हरणाबाई म्हणाली. "पोरीच्या केसाला हात लावलास. बास आता." मग मायाकडं न बघता म्हणाली, "ऊठ. पोरीला घे आन् डांबरीला लाग. मागं बघू नगंस. मी हाय हितं."

माया सृष्टीचा हात धरून माळावरून चालत गेली. पळता येत नव्हतं. डांबरी रस्त्यावर भाजीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं विचारलं नाही, पुढं बसवलं आणि सरकारी दवाखान्यात सोडलं. डोळ्यावर सहा टाके पडले, ओठाला तीन. डॉक्टरीणबाईंनी गळा तपासताना जुने पिवळे डाग पाहिले आणि विचारलं, "हे आधीचे?" माया म्हणाली, "व्हय." चौदा वर्षांत कुणी समोरासमोर विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि तिनं समोरासमोर दिलेलं ते पहिलं उत्तर.

तिनं तक्रार दिली. लालासाहेबानंही दिली, बायकोनं कात्रीनं भोसकलं म्हणून. त्याच्या हाताची शीर तुटली होती, दोन बोटं कायमची वाकडी राहिली. म्हणजे दोन्ही बाजूंनी खटला उभा राहिला. पोलीस हरणाबाईचा जबाब घ्यायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "मी शेळ्यांमागं हुते. मला कायबी ठावं न्हाई." काठीचं नाव तिनं काढलं नाही. लालासाहेबानंही काढलं नाही. आईनं मारलं, हे तो कुणाला सांगणार होता?

मायाला ते फार लागलं. आटपाडीत जोतीरामच्या घरी, ओसरीवर बसून ती भावाला म्हणाली, "तिनं जीव वाचवला माझा. आन् आता म्हणती ठावं न्हाई."

"आई हाय ती त्याची," जोतीराम म्हणाला.

"मग मी कोण हाय?"

 जोतीरामनं मागची खोली बहिणीला रिकामी करून दिली आणि सृष्टीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. त्याची बायको महिनाभर नीट वागली, मग भांडी जरा जास्त आपटायला लागली. माया डाळिंबाच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागली. फळं आकारानं निवडायची, डागाळलेली बाजूला काढायची, कागदात गुंडाळून खोक्यात बसवायची. पहिले कित्येक दिवस शेडमध्ये कात्रीचा आवाज झाला की ती हातातलं फळ ठेवून बाहेर जायची.

अंकिता तिला भेटायला आली ती उन्हाळ्यात, एसटीनं, शिराळ्याहून तीन गाड्या बदलून. किडकिडीत, चष्म्यातली पोर. शेडच्या बाहेर चिंचेखाली दोघी डबा खायला बसल्या. अंकिता मायाच्या भुवईवरच्या व्रणाकडं बघायची आणि नजर खाली घ्यायची.

"माझ्यामुळं झालं का ताई हे?" तिनं विचारलं.

"तुझ्यामुळं कशानं? हात त्याचा हुता."

"मी तो शहारा लिहिला."

मायानं थोडा विचार केला. खोटं बोलणं तिला सोपं होतं, पण पोरगी इतक्या लांबून आली होती.

"शहारा लिवलास ते चुकलंच," ती म्हणाली. "आन् तो थेंबाचा कुंभ. मार साठतो आन् ताकद हुती म्हणून लिवलंस. तसं न्हाई हुत. मार साठला की कान जातो. मी इतकी वर्सं थेंब मोजत बसले."

अंकिता रडायला लागली. मायानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला भाकरीचा तुकडा दिला.

"पर पैला भाग चुकला न्हाई," माया म्हणाली. "हाडं मोडली तरी ती बसती, ते चांगलं लिवलंस. ते नसतं तर सेलमच्या खोलीत मी काय केलं असतं, मला ठावं न्हाई. दोन्ही खरं हाय. आता मी एक सांगून दुसरं कसं लपवू?"

"मग शेवट कसा करू?"

"मला काय इचारतीस. मी फळं निवडते."

अंकितानं कादंबरी सहाशेव्या भागाला संपवली. हिमराजशी लग्न झालं नाही आणि त्याला मारलंही नाही. नीलाक्षी गड उतरून निघून गेली आणि तिच्याबरोबर एक म्हातारी निघाली, जी आधी कुठं नव्हती. वाचणाऱ्यांनी शिव्या घातल्या. पुष्कळांनी ॲपवर तिला सोडलं. मायालाही तो शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला आणि तिनं तसं कळवलं. आता ती दुसऱ्या कुणाची कादंबरी वाचते. तिच्यातही पोरीला कड्यावरून फेकतात आणि तिच्यातही एक थंड डोळ्यांचा स्वामी आहे. त्यानं कुणाचं मनगट पिरगाळलं की माया तो भाग सोडून पुढं जाते.

हरणाबाई शनिवारी आटपाडीच्या बाजाराला येते, तेव्हा शाळेच्या फाटकापाशी सृष्टीला गाठून पेरू नाहीतर शेंगा देते. मायाला सामोरी येत नाही. मायानंही जाऊन तिला गाठलेलं नाही. काठीबद्दल कोर्टात सांग, म्हणून एकदा निरोप धाडला होता, त्याला उत्तर आलं नाही.

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. वकील आत गेले होते आणि माया खांबाशी उभी होती. अचानक लालासाहेब समोर आला. दाढी केलेली, पांढरा सदरा, वाकडी बोटं खिशात. नेहमीच्या शांत आवाजात त्यानं विचारलं, "जेवलीस का?"

"व्हय," माया म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. तो मान हलवून पुढं गेला. माया तिथंच पायरीवर बसली. तिनं भीतीनं उत्तर दिलं नव्हतं, प्रेमानंही दिलं नव्हतं. त्यानं विचारलं की आपण सांगायचं, एवढंच अंगात मुरलेलं होतं. त्या एका शब्दाचा तिला दोन दिवस राग येत राहिला. नळीच्या फटक्यांचासुद्धा तिला इतका राग आला नव्हता. शेडमध्ये तिनं चांगली फळं डागाळलेल्यांत टाकली आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी तिनं अंकिताला हे फोनवर सांगितलं.  अंकिता म्हणाली, "ताई, मी नवीन लिहायला घेतलंय. त्यात हे घेऊ का? अगदी असंच, जेवलीस का, एवढंच?"

"नगं," माया म्हणाली. "त्ये ऱ्हाऊ दे. त्ये माझं हाय."

मग तिनं फोन ठेवला आणि सृष्टीला अंघोळीचं पाणी काढून दिलं.